घटनेत विहीर कशाला?

राज्यघटना उघडली की आत काय काय दिसेल असं तुम्हाला वाटतं? राष्ट्रपती, पंतप्रधान, संसद, न्यायाधीश, निवडणुका. बरोबर, ते सगळं आहे. 26 जानेवारी 1950 ला ती लागू झाली तेव्हा तिच्यात 395 कलमं होती. मोठमोठ्या मंडळींना ऐसपैस बसता येईल एवढी जागा! पण पंधराव्या कलमापाशी थांबा आणि सावकाश वाचा. तिथं विहिरी आहेत. तलाव आहेत. अंघोळीचे घाट आहेत, रस्ते आहेत. जरा वर दुकानं, खानावळी आणि हॉटेलंही आहेत.

आता मला सांगा, देश कसा चालवायचा हे ठरवायला बसलेल्या शहाण्यासुरत्या माणसांना मध्येच विहीर का आठवली? तहान लागली होती म्हणून?

हे कोडं घेऊन आपण सिद्धेश्वरला जाऊ. हिंगोली जिल्ह्यात, औंढा नागनाथच्या बाजूला हे गाव आहे आणि तिथं पूर्णा नदीवर मातीचं लांबलचक धरण आहे. नदीच्या वरच्या अंगाला येलदरीचं धरण. तिथून सोडलेलं पाणी सिद्धेश्वरला अडतं आणि पुढं कालव्यांनी वसमत, परभणी, नांदेडकडच्या शेतांना जातं. समजा, तुम्ही शाळेच्या सहलीबरोबर इथं आलात आणि काठावर बसून ओंजळभर पाणी तोंडावर मारलंत. (काठावरच हं. धरणात उतरायचं नाही, गुरुजी ओरडतील आणि त्यांचं बरोबरच असेल.) तुमच्या ओंजळीकडे बघून कुणी म्हणेल का, "थांब, आधी तुझी जात सांग"?

असं कुणी विचारलंच तर त्यानं घटनेचं पंधरावं कलम मोडलं. सार्वजनिक पाणवठ्यावर कुणालाही धर्म, वंश, जात, लिंग किंवा जन्मस्थान यांपैकी कुठल्याही कारणावरून अडवता येणार नाही, असं ते कलम सांगतं. आणि तसं सांगावं लागलं, कारण लोकांना खरोखर अडवलं जात होतं. वर्षानुवर्षं, गावोगाव.

ही गोष्ट आहे महाडची, आताच्या रायगड जिल्ह्यातली. तिथं चवदार तळं आहे. नगरपालिकेच्या मालकीचं, म्हणजे साऱ्या गावाचं. पण ज्या जातींना तेव्हा 'अस्पृश्य' म्हणत, त्या माणसांना तिथलं पाणी घ्यायची बंदी होती. गुरंढोरं पाणी पिऊन जायची, परगावचा वाटसरू पिऊन जायचा, त्यांना कुणी हटकायचं नाही. 1923 मध्ये सीताराम केशव बोले यांनी मुंबईच्या कायदेमंडळात ठराव मांडला की सार्वजनिक पाणवठे, विहिरी, धर्मशाळा सगळ्यांना खुल्या कराव्यात. ठराव मंजूर झाला. महाडच्या नगरपालिकेनंही पुढं आपलं तळं खुलं असल्याचा ठराव केला.

झालं तर मग! असं तुम्हाला वाटेल. पण झालं काहीच नाही. ठराव दप्तरात आणि तळं होतं तसंच. पाणी प्यायला गेलं तर मार बसेल हे सगळ्यांना ठाऊक होतं. या गोष्टीतली ही जागा मला फार महत्त्वाची वाटते, म्हणून इथं जरा रेंगाळतो. तुमच्याकडे हक्क आहे असं कागदावर लिहिलंय, त्यावर शिक्काही आहे, आणि तरी तुम्ही तहानलेलेच. अशा कागदाचं करायचं काय?

20 मार्च 1927 ला डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि महाडच्या परिषदेला आलेले हजारो लोक शांतपणे चालत तळ्यावर गेले. बाबासाहेबांनी ओंजळीत पाणी घेतलं. मग बाकीच्यांनी घेतलं. एवढंच. पण त्या एवढ्याशानं गावात हलकल्लोळ उडाला. आता हे लोक देवळातही शिरणार अशी आवई उठली आणि परतणाऱ्या माणसांवर हल्ला झाला. नंतर मंत्र म्हणून, पाण्यात शेण-गोमूत्र ओतून तळं 'शुद्ध' करण्यात आलं. होय, तुम्ही बरोबर वाचलंत. माणसाच्या हातानं बाटलेलं पाणी शेणानं शुद्ध होतं, असं मानणारी मोठी माणसं तेव्हा होती. विज्ञानाच्या तासाला हे उदाहरण द्यायला हरकत नाही.

नगरपालिकेनंही घाबरून आपला ठराव मागं घेतला. डिसेंबरात पुन्हा सत्याग्रह ठरला, तर काही मंडळी कोर्टात गेली. तळं खाजगी आहे, आणि अशी बंदी ही फार जुनी रूढी आहे, असं त्यांचं म्हणणं. कोर्टानं तात्पुरता मनाई हुकूम दिला. तेव्हा बाबासाहेबांनी पाणी घेण्याचा कार्यक्रम थांबवला आणि खटला लढवला. दोन महिने नाही, दोन वर्षं नाही, जवळजवळ दहा वर्षं! 1937 मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं निकाल दिला. अशी काही अनादी काळापासूनची रूढी सिद्ध झालेली नाही, सबब दावा फेटाळला.

घटना लिहायच्या मसुदा समितीचे अध्यक्ष कोण होते, आठवतंय ना? तेच बाबासाहेब. आता विहीर, तलाव आणि घाट घटनेत कुठून आले ते तुमचं तुम्हीच ओळखा.

29 नोव्हेंबर 1948 ला घटना तयार करणाऱ्या संविधान सभेत आताच्या पंधराव्या कलमावर चर्चा झाली, तेव्हा सभासदांनी मजेदार शंका काढल्या. दुकान म्हणजे नक्की काय? कपडे धुणाऱ्याचं दुकान त्यात येतं का? दाढी-कटिंगचं? दवाखाना? बाबासाहेबांचं उत्तर असं होतं की इथं दुकान हा शब्द फार व्यापक अर्थानं घेतलेला आहे, जो कुणी लोकांना आपली सेवा देऊ करतो तो त्यात आलाच. हे प्रश्न वाचून हसू येतं, पण विचारणाऱ्यांना ठाऊक होतं की पळवाटा अशाच ठिकाणी लपलेल्या असतात. 'तलाव म्हटलंय, हौद कुठं म्हटलंय?' असं म्हणणारा एखादा महाभाग प्रत्येक गावात सापडतो. त्याच दिवशी अस्पृश्यता नष्ट करणारं कलमही मंजूर झालं. तेच आताचं सतरावं.

म्हणून मी एक खेळ तयार केला आहे. त्याचं नाव 'अडवलं कुणाला?' हक्कांच्या कुठल्याही जाहीरनाम्यात एखादी विचित्र, अगदी बारकी ओळ दिसली की विचारायचं, इथं कुणाला अडवलं होतं? बहुतेक वेळा त्या ओळीमागे एखादं भांडण सापडतं. हा खेळ जगभर चालतो.

इंग्लंडला जाऊ. सन 1215. आपल्याकडे देवगिरीला यादवांचं राज्य होतं त्या वेळची गोष्ट. इंग्लंडचा राजा जॉन मनाला येईल तसे कर बसवायचा आणि मनाला येईल त्याला तुरुंगात टाकायचा. शेवटी त्याच्या सरदारांनी त्याला थेम्स नदीच्या काठी, रनिमीड नावाच्या कुरणात गाठलं आणि एका सनदेला मान्यता द्यायला लावली. तिचं नाव मॅग्ना कार्टा. त्याच्या बरोबरीच्या लोकांनी केलेल्या न्यायनिवाड्याशिवाय किंवा देशाच्या कायद्याशिवाय कुणाही स्वतंत्र माणसाला पकडायचं नाही, असं तिच्यात लिहिलं होतं. हे वाक्य पुढं जगभर गाजलं. पण आपल्या खेळासाठी त्याच सनदेतली दुसरी ओळ बघा. थेम्स नदीत मासे धरण्यासाठी घातलेले बांध काढून टाकावेत!

मासे? राजाशी भांडताना मासे? अडवलं कुणाला? अडवलं होतं होड्यांना. नदीत आडवे कूड घालून मासे धरले की होडीला वाटच उरत नसे, आणि त्या काळी माल नदीनंच जायचा. आपल्याकडे विहीर, त्यांच्याकडे मासळीचे बांध. एक गोष्ट मात्र विसरू नका. त्या सनदेतलं ते गाजलेलं वाक्य 'स्वतंत्र' माणसांसाठी होतं आणि तेव्हाचे पुष्कळसे शेतकरी जमीनदाराच्या जमिनीला बांधलेले, म्हणजे स्वतंत्र नव्हतेच. सरदारांनी दार उघडलं ते आधी स्वतःपुरतं.

अमेरिकेच्या घटनेला 1791 मध्ये हक्कांची यादी जोडली गेली. तिच्यात बोलण्याचं स्वातंत्र्य आहे, धर्माचं आहे, आणि तिसऱ्या क्रमांकावर काय आहे? शांततेच्या काळात घरमालकाच्या परवानगीशिवाय त्याच्या घरात सैनिक मुक्कामाला ठेवायचे नाहीत. अडवलं कुणाला, म्हणण्यापेक्षा छळलं कुणाला? अमेरिकेतल्या वसाहतींवर इंग्रजांचं राज्य होतं तेव्हा सैनिकांची राहण्याजेवणाची सोय लोकांच्या गळ्यात मारली जाई. तो राग त्या ओळीत उतरला.

फ्रान्समध्ये 1789 ला क्रांती झाली आणि माणसाच्या हक्कांचा जाहीरनामा निघाला. तो बाबासाहेबांनी चांगला वाचलेला होता. डिसेंबर 1927 मध्ये महाडला बोलताना त्यांनी आपल्या सभेची तुलना थेट फ्रान्सच्या त्या सभेशी केली होती. घटना लिहायची वेळ आली तेव्हा घटना सल्लागार बेनेगल नरसिंग राव अमेरिका, कॅनडा, आयर्लंड आणि ब्रिटनला जाऊन तिथल्या जाणकारांना भेटून आले. आमची घटना उचलेगिरी आहे असं काही जण नाक मुरडून म्हणतात. मला तसं वाटत नाही. बाहेरून आणला तो अनुभव. आणि चवदार तळं काही आयर्लंडमध्ये नाही.

खेळ पुढं चालू. पंचविसाव्या कलमात शिखांना कृपाण बाळगायची मुभा आहे. इंग्रजी अमलात शस्त्रांच्या कायद्याखाली कृपाणावर बंधनं होती. अठराव्या कलमात सरकारनं पदव्या वाटू नयेत असं आहे. इंग्रज आपल्या मर्जीतल्या लोकांना रावबहादूर, खानबहादूर करत, ते आठवा. तेविसाव्यात वेठबिगार बंद. गावात अधिकारी आला की त्याचं ओझं वाहायला, त्याच्या घोड्याला चारा आणायला गरिबांना फुकट राबवत, ते बंद.

आता परत आपल्या मुलखात. सिद्धेश्वरचं धरण 1960 च्या दशकात उभं राहिलं, म्हणजे घटना त्याच्याहून वयानं मोठी. संविधान सभा 9 डिसेंबर 1946 ला दिल्लीत पहिल्यांदा भरली तेव्हा हा सगळा भाग निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. हिंगोली जिल्हा तर 1999 मध्ये झाला, त्याआधी सिद्धेश्वर हे परभणी जिल्ह्यातलं गाव होतं. निजामाला भारतात यायचंच नव्हतं, त्यामुळं त्या सभेत हैदराबादचे प्रतिनिधी बसले नाहीत. देशाच्या हक्कांची यादी तयार होत होती आणि आपल्या आजी-आजोबांच्या आई-वडिलांना त्या यादीत जागा मिळेल की नाही, हेच ठरलेलं नव्हतं.

एकोणिसावं कलम म्हणतं की सगळ्यांना बोलायचं, मत मांडायचं, शस्त्रांशिवाय शांतपणे एकत्र जमायचं, संघटना काढायचं स्वातंत्र्य आहे. 'एकत्र जमायचं' हे काय लिहायला हवं? जमतोच की आपण, वाढदिवसाला, जत्रेला! मराठवाड्यातल्या जुन्या माणसांना विचारलंत तर ते हसतील. निजामाच्या राज्यात 'गश्ती निशाण 53' नावाचं फर्मान होतं. सभा घ्यायची तर आधी सरकारची परवानगी काढा. 1938 मध्ये हैदराबाद स्टेट काँग्रेस स्थापन व्हायच्या आधीच तिच्यावर बंदी आली! स्वामी रामानंद तीर्थ आणि इतरांनी सत्याग्रह केला, तुरुंग भोगला. त्याच वर्षी उस्मानिया विद्यापीठाच्या वसतिगृहात विद्यार्थ्यांना 'वंदे मातरम्' म्हणायला मनाई झाली. त्यांनी संप केला आणि शेकडो विद्यार्थ्यांना काढून टाकलं गेलं. बरेच जण नागपूरला शिकायला गेले. त्यातलेच एक पुढं भारताचे पंतप्रधान झाले, पी. व्ही. नरसिंह राव. आणि ऑगस्ट 1948 मध्ये 'इमरोज' या उर्दू वर्तमानपत्राचे तरुण संपादक शोएबउल्ला खान यांची हैदराबादच्या रस्त्यावर हत्या झाली. निजामाच्या बाजूच्या सशस्त्र रझाकारांविरुद्ध आणि भारतात सामील होण्याच्या बाजूनं ते लिहीत होते.

17 सप्टेंबर 1948 ला हैदराबाद मुक्त झालं. तुम्ही शाळेत झेंडावंदनाला जाता तो मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन हाच. पुढं नोव्हेंबर 1949 मध्ये निजामानं फर्मान काढून भारताची घटना आपल्या संस्थानाला लागू होईल असं जाहीर केलं. म्हणजे, ज्याच्या राज्यात सभेला परवानगी लागायची त्याच्याच सहीनं सभेचा हक्क आला. इतिहासाला विनोदबुद्धी असते, ती अशी.

सिद्धेश्वरहून औंढा नागनाथ जवळच. तिथलं देऊळ तुम्ही पाहिलं असेल तर एक गोष्ट ऐकलीही असेल. संत नामदेव, ज्यांचं गाव म्हणून आपल्याच जिल्ह्यातलं नरसी ओळखलं जातं, तिथं कीर्तन करत होते. तुझी जात हलकी म्हणून त्यांना उठवलं आणि देवळाच्या मागं जायला सांगितलं. ते मागं जाऊन गाऊ लागले, तर देऊळच गर्रकन त्यांच्याकडे फिरलं! देवळाचं तोंड पश्चिमेला आहे ते त्यामुळंच, असं लोक सांगतात. देऊळ काही फिरत नाही, हे तुम्हाला आणि मलाही माहीत आहे. पण गोष्टीतला उठवण्याचा भाग मात्र चमत्काराचा नाही. देवळाबाहेर काढलं जाण्याची ही हकीकत शिखांच्या गुरू ग्रंथसाहिबातल्या नामदेवांच्या एका रचनेतही आहे. शिंप्याच्या पोराला उठवणारे लोक खरेच होते.

या गोष्टीलाही एक कलम आहे. हिंदूंची सार्वजनिक देवळं हिंदूंमधल्या सगळ्या वर्गांना खुली करणारा कायदा सरकार करू शकेल, असं पंचविसाव्या कलमात आहे. ते लिहिलं जात असताना पंढरपूरला काय चाललं होतं बघा. मे 1947 मध्ये साने गुरुजी दहा दिवस उपाशी राहिले, विठ्ठलाचं देऊळ हरिजनांना, म्हणजे आजच्या भाषेत दलितांना, खुलं व्हावं म्हणून. ते झालं. औंढ्याच्या गोष्टीत जे काम देवळाला करावं लागलं, ते पंढरपूरला माणसांनी केलं.

बरं, आता महाडच्या त्या कागदाकडे परत या. हक्क लिहिला, पण दिलाच नाही कुणी, तर? यासाठी आणखी एक गोष्ट सांगतो, आणि तिचा नायक तुमच्याच वयाचा आहे.

1828 साल, पुणे. पेशवाई जाऊन दहा वर्षं झालेली. मोरो रघुनाथ नावाचा चौदा वर्षांचा मुलगा पांडुरंग रामचंद्र या वडीलधाऱ्या नातेवाइकाच्या घरी होता. त्याला तिथं डांबून ठेवलंय अशी तक्रार मुंबईच्या सुप्रीम कोर्टात गेली. कोर्टानं 'हेबियस कॉर्पस'चा हुकूम काढला. म्हणजे, त्या मुलाला आमच्यापुढं आणा आणि कुठल्या अधिकारानं ठेवलंय ते सांगा. पण पांडुरंग रामचंद्र म्हणजे बडं प्रस्थ, पेशव्यांच्या नात्यातले. गव्हर्नर जॉन माल्कम यांना वाटलं, या सरदार घराण्यांना दुखवलं तर कठीण होईल. त्यांनी हुकूम बजावायला मदतच नाकारली. तेव्हा न्यायाधीश जॉन पीटर ग्रँट इतके चिडले की त्यांनी 1829 मध्ये कोर्टच बंद करून टाकलं! सरकार हुकूम पाळणार नसेल तर कोर्ट उघडं कशाला ठेवायचं? प्रकरण लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपर्यंत, म्हणजे तेव्हाच्या सर्वांत वरच्या कोर्टापर्यंत गेलं आणि निकाल लागला सरकारच्या बाजूनं. मुंबईच्या कोर्टाचा हुकूम पुण्यातल्या अशा माणसावर चालत नाही, असं ठरलं.

म्हणजे काय झालं? हक्क होता, पण तो बोरघाट चढून वर गेला नाही.

हेच पुन्हा होऊ नये म्हणून बत्तिसावं कलम आहे. कुणाचाही मूलभूत हक्क मोडला तर तो थेट सर्वोच्च न्यायालयात जाऊ शकतो, आणि तसं जाणं हाच एक मूलभूत हक्क आहे. हेबियस कॉर्पसचा हुकूम आता देशाच्या कोपऱ्यान् कोपऱ्यात चालतो, पुण्यात आणि सिद्धेश्वरलाही. 9 डिसेंबर 1948 ला बाबासाहेब संविधान सभेत म्हणाले होते की, घटनेतलं सर्वांत महत्त्वाचं कलम कोणतं असं मला विचारलं तर मी हेच सांगेन. घटनेचा आत्मा आणि हृदय तेच, असं त्यांचं मत. दहा वर्षं एका तळ्यासाठी कोर्टात घालवलेला माणूस दुसरं काय सांगणार?

आणि गंमत म्हणजे त्यासाठी दर वेळी मोठा वकील आणि जाडजूड फाइल लागतेच असं नाही. 1979 च्या सुमारास तिहार तुरुंगातल्या एका कैद्यानं दुसऱ्या कैद्याचा छळ होतोय असं पत्र न्यायाधीशांना लिहिलं. न्यायालयानं ते पत्रच अर्ज मानलं. पुढं 1986 मध्ये केरळातल्या तीन भावंडांचा खटला गाजला. शाळेत राष्ट्रगीत सुरू झालं की ती आदरानं उभी राहायची, पण त्यांच्या धर्मश्रद्धेमुळं गायची नाहीत. शाळेनं काढून टाकलं. सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, मुलांनी अनादर केलेला नाही, त्यांना परत घ्या. शाळकरी मुलांचं नाव देशाच्या कायद्याच्या पुस्तकात कायमचं लागलं.

पण सगळं असंच गोड गोड झालं असं मी सांगितलं तर ती थाप होईल. जून 1975 ते मार्च 1977 या काळात देशात आणीबाणी होती. हजारो लोकांना खटल्याशिवाय तुरुंगात टाकलं. त्यांच्या वतीनं हेबियस कॉर्पसचे अर्ज आले, तेव्हा एप्रिल 1976 मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांपैकी चौघांनी सांगितलं की आणीबाणी असेपर्यंत कोर्टाला काही करता येणार नाही. एकटे न्यायमूर्ती हंसराज खन्ना म्हणाले, हे चूक आहे. नंतर सरन्यायाधीश व्हायची त्यांची पाळी आली, तेव्हा त्यांना डावलण्यात आलं. त्या चौघांमध्ये एक मराठी न्यायमूर्ती होते, यशवंत विष्णू चंद्रचूड. आणि 2017 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं 1976 चा तो निकाल गंभीर चुकीचा होता असं सांगून रद्द केला, तेव्हा तसं लिहिणारे एक न्यायमूर्ती होते धनंजय यशवंत चंद्रचूड. आडनाव आणि मधलं नाव पुन्हा वाचा. हो, त्यांचाच मुलगा.

आणीबाणी संपल्यावर 1978 मध्ये 44 वी घटनादुरुस्ती झाली. जगण्याचा आणि व्यक्तिस्वातंत्र्याचा हक्क आणीबाणीतही थांबवता येणार नाही, अशी तिनं तजवीज केली. त्याच दुरुस्तीनं एक हक्क मूलभूत हक्कांच्या यादीतून बाहेरही काढला, मालमत्तेचा. हक्कांची यादी फक्त वाढतच जाते असं नाही, ती आखडतेही. आणि हा बदल धरणाच्या काठी राहणाऱ्यांना चांगला कळतो. सिद्धेश्वरचं धरण झालं तेव्हा ज्यांची शेतं पाण्याखाली गेली, त्यांच्यासाठी मालमत्ता हा मूलभूत हक्क होता. आज कुठं धरणासाठी जमीन गेली तर कायद्याशिवाय ती घेता येत नाही, एवढं संरक्षण घटनेत आहे, पण त्यासाठी बत्तिसाव्या कलमाच्या दारानं थेट दिल्लीला जाता येत नाही. कालव्याचं पाणी शेकडो गावांना मिळतं आणि काही गावांचं शिवार जातं. यात न्याय कसा करायचा, हे मोठ्यांनाही अजून नीट जमलेलं नाही.

मध्येच थोडं विज्ञान, कारण ते सांगितल्याशिवाय मला राहवत नाही. घटनेची मूळ प्रत छापलेली नाही, हातानं लिहिलेली आहे. इंग्रजी प्रत प्रेमबिहारी नारायण रायजादा यांनी लिहिली, हिंदी प्रत वसंत कृष्ण वैद्य यांनी. पानांवरची चित्रं नंदलाल बोस आणि त्यांच्या विद्यार्थ्यांची. या प्रती संसदेच्या ग्रंथालयात हवाबंद काचेच्या पेट्यांत आहेत आणि पेट्यांत नायट्रोजन भरलेला आहे. का बरं? हवेतल्या ऑक्सिजनमुळं कागद हळूहळू पिवळा आणि ठिसूळ होतो. शिवाय ऑक्सिजन नसला की कागद खाणारे किडे आणि बुरशी वाढू शकत नाहीत. नायट्रोजन मात्र कुणाच्या अध्यातमध्यात नसतो.

शेवटी तुमच्याबद्दलची कलमं. चोविसावं सांगतं की चौदा वर्षांखालच्या मुलाला कारखान्यात, खाणीत किंवा कुठल्याही धोक्याच्या कामावर ठेवायचं नाही. अडवलं कुणाला, ते इथं सांगायची गरज नाही. दुसरं कलम म्हणजे 21-क, शिक्षणाचा हक्क. तो पहिल्या यादीत नव्हता! 1882 मध्ये महात्मा जोतीराव फुले यांनी इंग्रज सरकारच्या हंटर शिक्षण आयोगापुढं लेखी मागणी केली होती की निदान बारा वर्षांपर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचं करा. 1911 मध्ये गोपाळ कृष्ण गोखल्यांनी त्यासाठी विधेयक मांडलं, ते पडलं. बडोद्याला सयाजीराव गायकवाडांनी आपल्या संस्थानात ते करून दाखवलं. घटनेनं मात्र सरकारला नुसतं सांगितलं की दहा वर्षांत चौदाव्या वर्षापर्यंतच्या मुलांना मोफत शिक्षण द्यायचा प्रयत्न करा. प्रयत्नाची दहा वर्षं 1960 मध्ये संपली. मुलं वाट बघत मोठी झाली, त्यांना मुलं झाली. 2002 मध्ये घटनादुरुस्ती झाली आणि 1 एप्रिल 2010 पासून शिक्षण हा मूलभूत हक्क झाला. फुल्यांच्या मागणीला तेव्हा 128 वर्षं झाली होती.

हा हक्क सहा ते चौदा वर्षांच्या मुलांसाठी आहे. म्हणजे तुमचा अंगणवाडीत जाणारा धाकटा भाऊ त्यात बसत नाही, आणि पंधरा वर्षांची, दहावीत असलेली ताईही नाही.